संगणकातील निंदणी

पुणे शहरातील कोणत्याही जुन्या कार्यालयाच्या अभिलेख कक्षात पाऊल टाकले, की लाल कापडात बांधलेले गठ्ठे मांडणीवर छतापर्यंत रचलेले दिसतात. अभिलेखपालास खिडकीचा उजेडही मिळू नये, अशी त्यांची दाटी असते. गेल्या दोन-तीन दशकांत या कागदांचा मोठा भाग संगणकात शिरला आणि आता जागेचा प्रश्न कायमचा मिटला, असा समज सर्वत्र पसरला. परंतु आज शाळा, ग्रामपंचायत वा तहसील कार्यालय यांपैकी कोठेही जावे, 'डिस्कवर जागा अपुरी आहे' ही सूचना संगणकाच्या पडद्यावर हटकून झळकताना दिसते. अशा वेळी कर्मचारी नको असलेल्या फाईली पुसून टाकतो, हे स्वाभाविकच होय. मग पाहतो तो जागा पूर्वीइतकीच अपुरी!

पुसूनही जागा का मोकळी होत नाही, हा प्रश्न वरकरणी तांत्रिक व क्षुल्लक वाटतो. तो संगणक दुरुस्त करणाऱ्याकडे सोपवून आपण मोकळे होतो. वस्तुतः त्याचे उत्तर ठाऊक नसल्यामुळे शासकीय व शालेय अभिलेखांचे जे नुकसान होते, ते भरून निघणारे नसते. प्रस्तुत लेखकाने शहरातील एका शाळेत जवळून पाहिलेला प्रसंग या दृष्टीने बोलका आहे.

एका शाळेतील प्रसंग

शाळा जुनी, पेठेतली. तिच्या सर्वसाधारण नोंदवह्यांत कित्येक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांची नावे, जन्मतारखा, जन्मस्थळे व जाती नोंदविलेल्या. वह्यांची पाने पिवळी पडून कडा झडू लागल्या, तेव्हा मुख्याध्यापकांनी पुढाकार घेऊन त्या स्कॅन करून घेतल्या. ती सर्व चित्रे कार्यालयातील एकाच संगणकात एका फोल्डरमध्ये ठेवली गेली. फोल्डरला 'जुने स्कॅन' असे नाव पडले. हे 'जुने' विशेषण पुढे घातक ठरले.

स्नेहसंमेलनाच्या सुमारास संगणकाची डिस्क भरली. लिपिकाने आधीच्या वर्षांच्या स्नेहसंमेलनांची चित्रफीत पुसली. ती सुमारे चौदा गिगाबाइटची होती. जागेचा दर्शक तसाच लाल राहिला. मग सहलींची छायाचित्रे गेली. दर्शक लालच. सायंकाळपर्यंत चित्रमुद्रण करणारा माणूस नवी चित्रफीत उतरवून देण्यासाठी येणार होता. लिपिकाने उरलेले मोठे फोल्डर शोधले आणि 'जुने स्कॅन' पुसले. त्यानेही काही साधले नाही. अखेरीस चित्रमुद्रण करणाऱ्यानेच पडद्यावरील 'रीसायकल बिन' नावाची पेटी रिकामी केली, तेव्हा एका क्षणात तेवीस गिगाबाइट जागा उपलब्ध झाली आणि नवी चित्रफीत त्या जागेत जाऊन बसली.

पंधरा दिवसांनी एक पालक आजोबांच्या दाखल्यासाठी आले, तेव्हा प्रकार उघडकीस आला. जाणकाराने प्रयत्न करून काही पाने परत मिळविली. बाकीच्या पानांच्या जागी नवी चित्रफीत लिहिली गेली होती. मूळ वह्या कपाटात होत्या, म्हणून उन्हाळी सुट्टीत पुन्हा स्कॅन करता आले. परंतु पहिल्या वेळी शाबूत असलेल्या काही पानांच्या कडा मधल्या काळात गळून पडल्या होत्या आणि त्यांबरोबर काही जन्मतारखाही.

अशा नोंदींचे मोल काय असते, हे शिक्षकांना व महसूल कर्मचाऱ्यांना वेगळे सांगावयास नको. जात पडताळणीसाठी पणजोबांच्या शाळेतील एक ओळ निर्णायक ठरते. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा शाळांच्या नोंदवह्या, जन्ममृत्यूची जुनी पुस्तके आणि मोडी लिपीतील दप्तरे राज्यभर धुंडाळली गेली. वर्षानुवर्षे कोणी हात न लावलेले कागद एकाएकी मौल्यवान ठरले.

या प्रसंगात लिपिकास दोष देणे सोपे आहे. तथापि पहिली चित्रफीत पुसताच जागा मोकळी झाली असती, तर त्याचा हात पुढे गेलाच नसता. एक गोष्ट पुसून भागले नाही म्हणून दुसरी, दुसरी पुसून भागले नाही म्हणून तिसरी, असे करत तो नको तेथे पोहोचला. नुकसानाचे मूळ 'पुसणे' या शब्दाच्या अर्थाविषयीच्या गैरसमजात होते.

एका शब्दातील तीन क्रिया

पाटीवरचे अक्षर ओल्या फडक्याने पुसले, की तीन गोष्टी एकदम घडतात. अक्षर दिसेनासे होते, पाटीची जागा नव्या अक्षरासाठी मोकळी होते आणि जुने अक्षर कायमचे नष्ट होते. आपली सर्वांची समजूत या पाटीवर घडलेली आहे. संगणकात मात्र या तीन क्रिया एकमेकींपासून अलग आहेत. त्या वेगवेगळ्या वेळी घडतात, आणि पहिली घडली म्हणून दुसरी घडेलच, किंवा दुसरी घडली म्हणून तिसरी घडेलच, असे नाही.

हे नीट उमजण्यासाठी पुण्याच्या पुराभिलेखागाराचे उदाहरण घ्यावे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या त्याच्या दगडी इमारतीत पेशवे दप्तराचे हजारो रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० च्या सुमारास या दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. त्यामागे असंख्य रुमाल सोडून पाहण्याचे श्रम होते. एवढ्या मोठ्या संग्रहात विशिष्ट कागद हाती लागतो, तो सूचीमुळे. कोणत्या विषयाचा रुमाल कोणत्या मांडणीवर आहे, हे सूची सांगते. सूची नसेल, तर कागद शाबूत असूनही हरवल्यातच जमा.

संगणकाची डिस्क हेही असेच दप्तर होय. तिचे लहान लहान समान खण पाडलेले असतात; विंडोजच्या नेहमीच्या मांडणीत एक खण बहुधा चार किलोबाइटचा असतो. फाईलचा मजकूर या खणांत विखरून ठेवला जातो आणि कोणत्या फाईलचा कोणता भाग कोठे आहे याची सूची डिस्कच्या एका राखीव भागात असते. आपण फाईलवर टिचकी मारतो, तेव्हा संगणक आधी सूची पाहतो आणि मग खणांकडे जातो.

आता 'डिलीट' ही कळ दाबल्यावर काय होते ते पाहू. विंडोजमध्ये फाईल त्याच डिस्कवरील 'रीसायकल बिन'मध्ये जाते. याचा अर्थ एवढाच, की सूचीत तिचा पत्ता बदलला. मजकूर ज्या खणांत होता, त्याच खणांत आहे. ते खण अजूनही तिच्याच नावे आहेत. रुमाल एका मांडणीवरून उचलून कोपऱ्यातील मांडणीवर ठेवल्याने खोलीतील जागा वाढत नाही, तसेच हे. ही पेटी १९९५ च्या विंडोजपासून आली. चुकून पुसलेले परत मिळावे, हा तिचा हेतू. तो अत्यंत उपयुक्त आहे. परंतु जागा मोकळी करणे हे तिचे काम नव्हे.

पेटी रिकामी केली, की दुसरी क्रिया घडते. सूचीतील नोंद रद्द होते आणि ते खण 'उपलब्ध' म्हणून दाखविले जातात. जागेचा दर्शक आता उतरतो. पण खणांतील मजकुरास या वेळीही कोणी हात लावलेला नसतो. सूचीपालाने मांडणीच्या क्रमांकासमोर 'रिकामी' असा शेरा लिहिला. जुना रुमाल मात्र तेथेच पडून आहे. नवा रुमाल आला, म्हणजे तो जुन्यास बाहेर ढकलून त्याच्या जागी बसेल. पेन ड्राइव्हवर आजही आढळणाऱ्या 'फॅट' नावाच्या जुन्या पद्धतीत तर पुसलेल्या फाईलच्या नोंदीतील पहिले चिन्ह बदलून तिच्या खणांची साखळी तेवढी मोकळी केली जाते. उरलेली नोंद आणि मजकूर बराच काळ तसाच राहतो.

तिसरी क्रिया, म्हणजे मजकुराचा खराखुरा नाश, त्या खणांवर दुसरे काही लिहिले जाईल तेव्हा घडते. ते दुसऱ्या दिवशी घडेल किंवा दोन वर्षांनी घडेल. वरील शाळेत ते त्याच सायंकाळी घडले, हे दुर्दैव.

जागा कोठे अडते

पुसूनही जागा न सुटण्याची बहुतेक कारणे यावरून ध्यानात येतील. सर्वांत मोठे कारण ही पेटीच होय. तिला मर्यादाही असते. ती मर्यादा ओलांडली, की सर्वांत आधी टाकलेल्या फाईली विचारल्यावाचून काढून टाकल्या जातात आणि मर्यादेपेक्षा मोठी फाईल तर पेटीत जातच नाही. पडद्यावर येणाऱ्या प्रश्नास न वाचता 'होय' म्हटले, की ती थेट रद्द होते. 'पेटीत आहे, लागेल तेव्हा काढू' असा भरवसा ठेवून ती कोठीसारखी वापरणारे कर्मचारी आहेत. त्यांनी ही सवय सोडावी.

पेन ड्राइव्हच्या बाबतीत विंडोज उलट वागते. तेथे पेटी नाही. पुसलेले थेट जाते. याउलट काही शाळांच्या संगणक कक्षांत उबुंटू किंवा सी-डॅकने सिद्ध केलेली 'बॉस' ही लिनक्सवर आधारलेली प्रणाली असते. तेथे पेन ड्राइव्हवरची फाईल पुसली, की ती सामान्यतः त्याच पेन ड्राइव्हवरील एका लपलेल्या कचरा-फोल्डरमध्ये जाते. शिक्षक तो पेन ड्राइव्ह घरच्या विंडोज संगणकास जोडतात. आत त्यांच्या फाईली दिसत नाहीत आणि तरीही तो भरलेला असतो. पेन ड्राइव्ह बिघडला असे समजून तो टाकून दिल्याचेही पाहण्यात आले आहे. तो जेथे पुसला त्याच संगणकास जोडून तेथील कचरा रिकामा केला, की काम भागते.

नव्या आवृत्तीकडे वळल्यावर विंडोज जुनी प्रणाली एका फोल्डरमध्ये राखून ठेवते व साधारण दहा दिवसांनी स्वतःच काढते. पूर्वस्थितीकडे परतण्यासाठी राखलेले बिंदू, झोपी गेलेल्या संगणकाची स्मृती साठविणारी फाईल, छपाईच्या व इंटरनेटच्या तात्पुरत्या फाईली, यांनीही बरीच जागा व्यापलेली असते. अशी जागा विंडोजच्याच 'डिस्क क्लीनअप' किंवा 'स्टोरेज' या सोयीतून मोकळी करावी. प्रणालीच्या फोल्डरमध्ये शिरून अपरिचित नावाच्या फाईली हाताने पुसणे धोक्याचे आहे. जाता जाता एक शंका दूर करणे योग्य होईल. ५०० गिगाबाइट म्हणून खरेदी केलेली डिस्क संगणक सुमारे ४६५ गिगाबाइटची दाखवितो, म्हणून पुरवठादाराने फसविले अशी टिपणी एका नस्तीत वाचावयास मिळाली. फसवणूक नाही. उत्पादक हजाराच्या पटीने मोजतो आणि विंडोज १,०२४ च्या पटीने. वजन तेच, मापे दोन.

जिल्हा पातळीवरील सर्व्हरवर आणखी एक प्रकार घडतो. लिनक्सवर चालू असलेल्या एखाद्या कार्यक्रमाने जी फाईल उघडून धरली आहे, ती पुसली तर नाव सूचीतून नाहीसे होते. पण तो कार्यक्रम ती सोडीपर्यंत जागा सुटत नाही. कामकाजाची दैनंदिनी ठेवणारी फाईल फुगत जाते, कोणी ती पुसतो, डिस्क मात्र भरलेलीच राहते. अशा वेळी तो कार्यक्रम रीतसर बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. तसेच एका फाईलला दोन नावे दिलेली असतील, तर एक नाव पुसून जागा मिळत नाही. दुसरे नाव जिवंत असते.

भ्रमणध्वनी व ई-मेल यांचा वापर कार्यालयीन कामासाठी सर्रास होत असल्याने त्यांचाही विचार केला पाहिजे. आयफोनमधील पुसलेली छायाचित्रे 'अलीकडे पुसलेले' या ठिकाणी तीस दिवसांपर्यंत राहतात. इतर बऱ्याच भ्रमणध्वनींतही अशी सोय आहे. गूगलच्या विनामूल्य खात्यास एकूण पंधरा गिगाबाइट जागा मिळते आणि कचऱ्यात टाकलेली पत्रे तीस दिवसांनी आपोआप जाईपर्यंत त्याच हिशेबात धरली जातात. परंतु येथे जागेपेक्षा मोठा धोका वेगळा आहे. संगणकातील फोल्डर दूरस्थ साठ्याशी जोडलेले असेल, तर ते एकच दप्तर दोन दारांतून दिसत असते. संगणकातील जागा वाचावी म्हणून तेथील फाईल पुसली, की साठ्यातील प्रतही जाते आणि त्या खात्याशी जोडलेल्या सहकाऱ्यांच्या संगणकांतूनही ती नाहीशी होते. केवळ आपल्या संगणकातील प्रत हटविण्याचा पर्याय या सेवांत स्वतंत्रपणे दिलेला असतो; तोच वापरावा.

आधी वर्गवारी, मग पुसणे

आता मूळ मुद्द्याकडे वळू. जागा कशी सुटते हे कळल्याने अर्धे काम होते. काय पुसावे आणि ते कोणी ठरवावे, हे उरलेले अर्धे काम. या बाबतीत महाराष्ट्राच्या प्रशासनास नव्याने काही शिकण्याची गरज नाही. कागदाच्या व्यवहारात त्याने जे कमावले तेच संगणकास लावणे पुरेसे आहे.

अभिलेखांतील अनावश्यक कागद काढून टाकण्यास आपल्या कार्यालयीन मराठीत 'निंदणीकरण' असा सुंदर शब्द आहे. शेतकरी निंदणी करतो, तेव्हा आधी पीक कोणते आणि तण कोणते हे ओळखतो आणि मगच खुरपे चालवितो. गर्दी झाली म्हणून दिसेल ते उपटीत सुटत नाही. शासकीय कागदांचे 'अ' ते 'ड' असे वर्ग याच ओळखीसाठी आहेत. 'अ' वर्गाचा कागद कायम जतन करावयाचा, 'ब' वर्गाचा तीस वर्षे, 'क' वर्गाचा दहा वर्षे, 'क-१' वर्गाचा पाच वर्षे आणि 'ड' वर्गाचा साधारण एक वर्ष. १९८० च्या दशकात तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयीन कामकाजाची जी घडी बसविली, ती 'लखिना पॅटर्न' म्हणून राज्यभर ओळखली गेली. लिपिकाच्या मेजावरील कागदांचे सहा गठ्ठे करण्याची पद्धत आजही प्रशिक्षणात शिकविली जाते. प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षाकडे पाठवावयाचे आणि नष्ट करावयाचे, असे ते सहा गठ्ठे होत. यातील पाचवा व सहावा गठ्ठा वेगळे बांधलेले असत, यातच सारे मर्म आहे. जपावयाचा कागद आणि फेकावयाचा कागद कधी एका ढिगात नसे.

संगणकात नेमके हेच घडत नाही. पडद्यावर 'नवीन फोल्डर', 'नवीन फोल्डर २', 'साहेबांचे', 'जुने', 'जुने स्कॅन', 'फायनल', 'फायनल नवीन' अशी नावे ओळीने दिसतात. यांतील 'अ' वर्ग कोणता आणि 'ड' वर्ग कोणता, हे ज्याने ती दिली त्यालाही वर्षभराने सांगता येत नाही. बदलून आलेल्या कर्मचाऱ्याची तर गोष्टच सोडा. फोल्डरच्या नावातच विषय, वर्ष आणि वर्गाचे अक्षर घातले, उदाहरणार्थ 'सर्वसाधारण नोंदवही १९३५ ते १९५०, अ', तर त्या शाळेतील लिपिकाचा हात आपोआप थांबला असता. यासाठी वेगळा निधी लागत नाही, शासन निर्णयाची वाटही पाहावी लागत नाही.

कायद्याची बाजूही स्पष्ट आहे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ कागदाप्रमाणेच संगणकाने निर्माण झालेल्या साहित्यासही अभिलेख मानतो. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ ने अभिलेख सूचीबद्ध करून ठेवण्याचे कर्तव्य प्राधिकरणांवर टाकले आहे, आणि मागणी आलेली माहिती जाणूनबुजून नष्ट केल्यास कलम २० अन्वये दररोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपये, शास्तीची तरतूद आहे. डिस्क भरली होती, हे कारण या कलमात कोठेही नाही.

एका विशिष्ट प्रकारच्या फाईलींविषयी येथे आवर्जून लिहिणे आवश्यक वाटते. युनिकोड रूढ होण्यापूर्वी राज्यातील पुष्कळ कार्यालयांत मराठी मजकूर सी-डॅकच्या 'आयएसएम' सारख्या प्रणालींवर, त्या त्या विशिष्ट टंकांत टंकलिखित होत असे. सी-डॅकचे मुख्यालय पुण्यातच असल्याने येथील कार्यालयांस या प्रणालीचा परिचय जुना आहे. असा टंक नसलेल्या नव्या संगणकावर ती फाईल उघडली, की रोमन अक्षरे व चिन्हे यांची अर्थहीन गर्दी दिसते. तरुण कर्मचारी ती बिघडलेली फाईल समजतो आणि जागेची गरज पडताच प्रथम तिच्यावरच कुऱ्हाड चालवितो. प्रत्यक्षात मजकूर पूर्णपणे शाबूत असतो; योग्य टंक बसविला किंवा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेतला, की तो वाचता येतो. पुढील पिढ्यांना मोडी येईनाशी झाली म्हणून पेशवे दप्तर कोणी रद्दीत घातले नाही. हा नियम विसाव्या शतकाच्या अखेरच्या टंकलिखित ठरावांसही लागू व्हावा.

दुसरीकडे, जागा अडविणाऱ्या पुष्कळ गोष्टी निःशंकपणे 'ड' वर्गातल्या असतात. एकाच कार्यक्रमाची तीनशे छायाचित्रे, समूहावर आलेल्या शुभेच्छांच्या चित्रफिती, एकाच परिपत्रकाच्या दहा जणांनी उतरवून घेतलेल्या दहा प्रती. महत्त्वाचे अभिलेख आकाराने सहसा लहान असतात आणि करमणुकीच्या फाईली मोठ्या. आकारानुसार फाईलींची क्रमवारी लावून पाहिली, तर सर्वांत वरच्या वीस-पंचवीस नावांतच बहुधा पुरेशी जागा सापडते. ग्रामसभेच्या इतिवृत्तापर्यंत जाण्याची वेळच येत नाही.

पुसावयाचे ठरले, की आधी 'अ' व 'ब' वर्गाची प्रत दुसऱ्या डिस्कवर आहे आणि ती प्रत्यक्ष उघडते, हे पाहून घ्यावे. मग ठरलेल्या फाईली पुसाव्यात, पेटी उघडून तिच्यातील यादी एकवार वाचावी आणि नंतरच ती रिकामी करावी. त्या यादीवर नजर टाकण्यास दोन मिनिटे पुरतात. शाळेतील पेटी रिकामी झाली, त्या दिवशी ही दोन मिनिटे कोणी दिली नव्हती.

चुकून पुसले गेल्यास

इतकी काळजी घेऊनही चूक होते. अशा वेळी संगणकावर पुढे काहीही न करणे हाच पहिला उपाय. नवी फाईल साठविणे, इंटरनेट पाहणे, इतकेच नव्हे तर पुसलेले परत मिळविण्याचा कार्यक्रम त्याच डिस्कवर उतरविणे, यांतील प्रत्येक गोष्ट मोकळ्या दाखविलेल्या खणांवर लिहिते आणि जे परत मिळाले असते तेच नष्ट करते. संगणक बंद करून डिस्क जाणकाराच्या हाती द्यावी. मात्र ही आशा फिरत्या चकतीच्या जुन्या हार्ड डिस्कबाबतच धरावी. नव्या संगणकांत एसएसडी प्रकारची डिस्क असते. तिच्यात पेटी रिकामी होताच प्रणाली बहुधा डिस्कला 'हे खण आता नकोत' असा निरोप देते आणि डिस्क ते सवडीने स्वच्छ करते. तेथे परतीची वाट फार लवकर बंद होते.

निर्लेखनाच्या वेळी

शेवटी उरते ती तिसरी क्रिया. आतापर्यंत मजकूर टिकला तर बरे, अशी आपली भूमिका होती. संगणक कालबाह्य होऊन जडसंग्रह नोंदवहीतून त्याचे निर्लेखन करावयाचे ठरते, तेव्हा ती नेमकी उलट होते. ग्रामपंचायतीच्या संगणकात नागरिकांचे आधार क्रमांक, बँक खाती, उत्पन्नाचे दाखले असतात. शाळेच्या संगणकात विद्यार्थ्यांची संपूर्ण माहिती. लिलावापूर्वी 'सर्व डेटा डिलीट केला' असे प्रमाणपत्र सहीनिशी जोडले जाते आणि ते देणाऱ्याने प्रामाणिकपणे तसे केलेलेही असते. पण वर पाहिल्याप्रमाणे त्याने केवळ सूची फाडली आहे. रुमाल आत आहेत. शहराच्या जुन्या बाजारात बुधवारी व रविवारी अशा कितीतरी वस्तू नव्या हाती जातात. डिस्क कोणाच्या हाती पडेल, हे निर्लेखन करणाऱ्या अधिकाऱ्यास सांगता येणार नाही. डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संसदेने संमत केला, त्यामागे हीच चिंता आहे.

कागद नष्ट करण्याची खात्रीची रीत आपल्याकडे जुनी आहे. कसबा पेठेतील कागदीपुरा हे नाव ज्या कागद कारागिरांची आठवण देते, त्यांना ती ठाऊक होती. कागद भिजवून, कुटून त्याचा लगदा केला, की अक्षर उरत नाही. फिरत्या चकतीच्या डिस्कवर संपूर्ण पृष्ठभागावर एकदा नवे लेखन फिरविले, की हेच कार्य होते. आजच्या डिस्कसाठी सर्वसाधारणपणे एक फेरी पुरते. विंडोजमध्ये 'क्विक' नावाचा जलद फॉरमॅट केवळ नवी कोरी सूची मांडतो, म्हणून तो या कामी निरुपयोगी होय. पूर्ण फॉरमॅटला वेळ लागतो, कधी कित्येक तास; ते तास द्यावेत. एसएसडीवर असे लेखन प्रत्येक खणापर्यंत पोहोचेलच असे नाही, कारण ती डिस्क आपली झीज सारखी वाटली जावी म्हणून लेखनाच्या जागा स्वतःच बदलत राहते. तिच्यासाठी उत्पादकाने दिलेली संपूर्ण पुसण्याची आज्ञा वापरावी, किंवा डिस्क सुरुवातीपासूनच सांकेतिक कुलूपबंद ठेवून शेवटी कुलपाची किल्लीच नष्ट करावी. डिस्क बंदच पडली असेल, तर ती काढून फोडणे हाच मार्ग. उरलेले यंत्र ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ प्रमाणे नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे सुपूर्द करता येते.

निर्लेखनाच्या प्रस्तावास जोडावयाच्या प्रमाणपत्रात 'डिलीट केले' या शब्दांऐवजी डिस्कचा अनुक्रमांक, ती कोणत्या रीतीने पुसली वा फोडली, कोणत्या दिनांकास, कोणाच्या समक्ष, आणि 'अ' व 'ब' वर्गाच्या फाईली त्यापूर्वी कोणत्या संगणकावर नेल्या, एवढ्या नोंदी असाव्यात. त्यासाठी अर्धे पान पुरेल.